मोरपंखी रंगाचा सूड

माझे संपूर्ण नाव मॅजिक वँड टूल; स्वच्छ मराठीत सांगावयाचे तर जादूची कांडी. वय पस्तीस पूर्ण. माणसांत हे वय भर तारुण्याचे समजतात, परंतु संगणकाच्या जगात मी पणजी ठरते. वास्तव्य नेर, जिल्हा यवतमाळ, बसस्थानकाच्या रस्त्यावरील एका फोटो स्टुडिओतील संगणकात.

आज मी बोलते आहे ती कौतुक करून घेण्यासाठी नव्हे. मी सूड घेतला आहे. तो कोणाचा, कशासाठी आणि कसा घेतला, हे माझ्याच तोंडून रीतसर सांगितले जावे, एवढ्यासाठी हे कथन. स्टुडिओचा मालक अनिमेष हीच हकिकत चहाच्या टपरीवर निराळ्या रीतीने सांगतो. तिच्यात तो स्वतः निर्दोष असतो आणि संगणकात व्हायरस असतो. त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

प्रथम माझे काम समजून घ्यावे. फोटो हा रंगांच्या बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो. मला ज्या ठिपक्यावर टेकवाल त्याचा रंग मी वाचते आणि त्या रंगाचे ठिपके वेगळे काढून दाखवते. निवडलेल्या भागाभोवती मी एक तुटक रेष आखते. ती मुंग्यांच्या रांगेसारखी सतत चालत राहते. पुढे त्या भागाचा रंग बदलावयाचा की तो भाग पुसून टाकावयाचा, हे माणूस ठरवतो.

मला दोन आज्ञा आगाऊ द्याव्या लागतात. एक आकडा असतो. तो लहान ठेवला तर मी अगदी तोच रंग उचलते. मोठा ठेवला तर त्याच्या नात्यागोत्यातल्या छटाही गोळा करते. दुसरी एक लहानशी चौकट असते. तिच्यात खूण असेल तर मी एकमेकांना लागून असलेले, सलग ठिपकेच निवडते. खूण काढली की, सलग असो वा नसो, फोटोच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जिथे जिथे तो रंग असेल तिथून तो उचलते. एकदा दिलेली आज्ञा दुसरी मिळेपर्यंत मी मोडत नाही. माणसे विसरतात. मी विसरत नाही.

माझा जन्म परदेशात झाला, त्याविषयी मला विशेष काही आठवत नाही. नेरला मला आणले ते अनिमेषच्या वडिलांनी, अनंतरावांनी. काळ्यापांढऱ्या फोटोंवर बारीक ब्रशने रंग भरण्यात त्यांचे तारुण्य गेलेले. संगणक आला तेव्हा त्यांच्या बरोबरीच्या फोटोग्राफरांनी दुकाने मोडून किराणा मांडला. अनंतराव चष्मा पुसून माझ्यासमोर बसले. कोणत्याही वर्गाला न जाता, चुकत चुकत, सगळे स्वतः शिकले. मला टेकवण्यापूर्वी ते आकडा पाहत, चौकट पाहत, आणि काहीही पुसण्यापूर्वी फोटो लहान करून तो सगळीकडून एकदा न्याहाळत.

"आधी अख्खा फोटो पाहाय, अनिमेष," ते मुलाला सांगत. "मंग त्याले हात लाव. तू एका कोपऱ्यात काम करून राह्यला म्हनजे बाकीचा फोटो गावाले गेला, असं नसते."

"हो बाबा," अनिमेष म्हणे आणि मोबाईलमध्ये पाहत राही.

पुढे अनंतरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. शस्त्रक्रिया झाली, ती नीट साधली नाही. आता ते काउंटरजवळच्या खुर्चीवर बसून नुसते ऐकतात. माझ्या वाट्याला अनिमेष आला.

अनिमेष मनाने वाईट नाही, असे नेरमध्ये सगळे म्हणतात. मी म्हणत नाही. त्याने माझा आकडा कायमचा मोठा करून ठेवला, कारण त्याने काम लवकर उरकते. काम साधले की तो गिऱ्हाइकाला सांगे, "हात लागते त्याले, काका." काम बिघडले की म्हणे, "हे टूलच भंगार हाय." मग त्याने एक नवीन बटण आणले. ते स्वतःच्याच बुद्धीने फोटोतील माणूस ओळखून कापते. त्याच्या कौतुकात अनिमेषने मला 'म्हातारी' हे नाव ठेवले आणि येणाऱ्याजाणाऱ्यास तो सांगू लागला, "या म्हातारीले आता रिटायर करा लागते."

हेही मी सोसले असते. परंतु बाभुळगावची निकिता मी विसरू शकत नाही. स्थळांना पाठवण्यासाठी ती फोटो काढून घेण्यास आली होती. सावळी, ठसठशीत मुलगी. अनिमेषने मला तिच्या गालावर टेकवले. तो रंग मी आजही डोळे मिटून सांगेन. नव्या गुळाच्या ढेपेचा होता. मी तो प्रामाणिकपणे निवडला, आणि माझ्यादेखत त्याने तो धुऊन धुऊन त्याचे पीठ केले. फोटो घेण्यास निकिता आली, तेव्हा तिने तो दाराशी उजेडात धरला.

"हे कोन हाय?"

"तूच होय ना."

"मी? मंग लगन हिचंच लावा. मी घरी राह्यते."

फोटो काउंटरवर टाकून ती निघून गेली. अनिमेष हसला आणि वडिलांना म्हणाला, "टूलनं जरा जास्तच केलं."

टूलने! कर्म त्याचे आणि नाव माझे. त्या दिवसापासून मी संधीची वाट पाहू लागले. मला हात नाहीत, वाचा नाही, चिडून बंद पडण्याचीही सोय नाही. माझ्याजवळ एकच गोष्ट होती: सांगितलेले तंतोतंत करणे. अनिमेष कधीतरी चुकीचे सांगणारच होता. तेव्हा मी ते तंतोतंत करणार होते.

संधी पुंडलिकराव गावंडे यांच्या रूपाने आली.

पुंडलिकराव हे नेरजवळच्या खेड्यातील कापूस, तूर आणि सोयाबीन पिकवणारे प्रतिष्ठित शेतकरी. पत्नी इंदूबाई, मुलगा कपिल आणि मुलगी अर्पिता, असे कुटुंब. कपिलच्या चुलतभावाच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, या चौघांचा फोटो अनिमेषनेच काढला होता; कपिलचे स्वतःचे लग्न तेव्हा ठरावयाचे होते. हल्ली कोणत्याही कार्यात घरच्या स्त्रिया आपसात एक रंग ठरवतात. त्या दिवशी मोरपंखी ठरला होता. माय आणि लेक यवतमाळला जाऊन एकाच दुकानातून, एकाच रंगाच्या, जरीकाठी साड्या घेऊन आल्या होत्या. पोलकीही त्याच रंगाची शिवून घेतली होती.

दोन मोरपंखी साड्या एकाच बाजूला आल्या तर फोटो एका अंगाला कलल्यासारखा दिसतो, म्हणून अनिमेषने त्या दोघींना दोन टोकांना ठेवले. डावीकडे खुर्चीवर इंदूबाई. मधोमध खुर्चीवर फेटा बांधलेले पुंडलिकराव. त्यांच्या मागे कपिल. अगदी उजवीकडे अर्पिता, उभी. माणसे बसण्यापूर्वी, उजेड तपासण्यासाठी, रिकाम्या खुर्च्यांचा एक फोटो काढण्याची अनिमेषची सवय आहे. तो फोटोही संगणकात होता.

त्यानंतर काही काळाने अर्पिताने अमरावतीस आपल्या मनाने लग्न केले. ती तिथे एका दवाखान्यात परिचारिका आहे. तिचा नवरा जीवन तिथेच औषधांच्या खिडकीवर बसतो. मुलगा भला होता, परंतु पुंडलिकरावांनी निवडलेला नव्हता. त्यांनी घरात तिचे नाव घेण्यास बंदी केली आणि आपल्या मोबाईलमधून तिचा नंबर काढून टाकला. त्याच सुमारास कपिलचे लग्न ठरले आणि त्यांचे नवीन घर पुरे झाले. वास्तुपूजनाच्या आधी ते इंदूबाईंना बरोबर घेऊन स्टुडिओत आले.

"अनिमेष, साक्षगंधाचा फोटो मोठा करून दे. बैठकीत लावाचा हाय. अन् थ्यातली ही काढून टाक."

त्यांनी पडद्यावर बोट टेकवले. ते अर्पिताच्या चेहऱ्यावर होते.

"कोन, अर्पिता?"

"नाव नोको घेऊ. निंगते का नाही थे सांग."

"काका, तुमी नुसता चहा प्या. मागं एका नवरदेवाची मिशी काढली होती म्या. सासरच्याईले तं नाहीच, त्याले सोताले बी नाही समजलं."

इंदूबाई दाराजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अवो, फोटोतून काढल्यानं पोटची निंगते काय?"

"तू चूप राहाय."

"चूपच हावो. लगन झालं तवापासून चूपच हावो."

"वास्तूले कपिलचे सासरचे येतीन. इचारतीन, हे कोन? काय सांगू मी त्याईले?"

"पोरगी हाय म्हना. थ्याच्यात खोटं कायले बोला लागते?"

अनंतराव आपल्या खुर्चीवरून हळूच म्हणाले, "पुंडलिकराव, रागात नोका करू असं काम. चार दिवस जाऊ द्या."

"अनंतराव, तुमाले दिसत नाही, तुमी राहू द्या," पुंडलिकराव म्हणाले. "अनिमेष, काढ."

इंदूबाई उठल्या नाहीत, भांडल्या नाहीत. त्यांनी तोंड फिरवले आणि रस्त्यावरून जाणाऱ्या बसकडे पाहत राहिल्या. मुलगी घरातून गेलीच होती. आता ती भिंतीवरूनही जाणार होती, आणि ते थांबवण्याचे त्यांच्या हाती काही नव्हते.

अनिमेषने आधी आपले लाडके बटण दाबले. ते एकट्या माणसाला ओळखते, घोळक्याला नाही. त्याने चौघांनाही एकच समजून सारे कुटुंब एकदम उचलले. पडद्यावरून पुंडलिकराव फेट्यासह नाहीसे झाले.

"अबे, मले कुठी काढतं!" पुंडलिकराव ओरडले.

"राहा काका, राहा," म्हणत त्याने ते परत आणले आणि माझ्याकडे वळला. "चाल म्हातारे."

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच सकाळी अनिमेषने एका शाळेच्या ओळखपत्रांचे काम केले होते. मुलींच्या मागे हिरवा पडदा होता, आणि वर बांधलेल्या वेण्यांच्या फासांतून तो जागोजागी डोकावत होता. सगळा हिरवा एकदम उचलता यावा म्हणून अनिमेषने माझ्या चौकटीतील खूण काढली होती. काम झाल्यावर ती परत घालण्यास तो विसरला. मी विसरले नव्हते.

त्याने कुटुंबाच्या फोटोखाली रिकाम्या खुर्च्यांचा फोटो ठेवला, म्हणजे वरचे जे पुसले जाईल तिथे खालची भिंत दिसावी. मग त्याने अर्पिताला इतके मोठे केले, की पडद्यावर दुसरे कोणी उरलेच नाही. मला उचलले आणि तिच्या साडीवर टेकवले.

आकडा मोठा होता. चौकट रिकामी होती. मी रंग वाचला, मोरपंखी, आणि आज्ञेप्रमाणे निघाले.

अर्पिताच्या पदरावरून, पोलक्यावरून, निऱ्यांवरून माझी रेष चालू लागली. ती अनिमेषला दिसली. त्याच क्षणी पडद्याच्या बाहेर, फोटोच्या दुसऱ्या टोकाला, खुर्चीत बसलेल्या इंदूबाईंच्या खांद्यावरून आणि मांडीवरूनही तीच रेष चालत होती. ती त्याला दिसली नाही. फोटो एकदा लहान केला असता तर दिसली असती. सावध करण्याची सोय मला दिलेली नाही. असती, तरी मी ती वापरली नसती.

अनिमेषने पुसण्याची की दाबली. दोन्ही साड्या गेल्या.

उरलेली अर्पिता त्याने हाताने पुसली. तिचे केस, हात, जरीचा काठ. चेहरा शेवटी पुसला. पुंडलिकराव त्याच्या खांद्यामागे उभे राहून पाहत होते. त्यांच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता, आणि मी मनात म्हणत होते, नीट पाहून घ्या. तुमच्या आज्ञेचा अर्धाच भाग तुम्हाला दिसतो आहे.

तेवढ्यात वीज गेली. बॅटरी किंचाळू लागली. अनिमेषने घाईघाईने वरचा आणि खालचा फोटो एक केला, जुन्याच नावाने साठवला आणि मोठा करून छापण्यासाठी यवतमाळच्या लॅबला पाठवून दिला.

"अख्खा दाखव ना एकडाव," पुंडलिकराव म्हणाले.

"काका, बॅटरी मरून राह्यली. आता घरीच पाहा, भितीवर."

काउंटरजवळून अनंतरावांनी विचारले, "अख्खा फोटो पाह्यला काय रे?"

"पाह्यला, बाबा," अनिमेष म्हणाला आणि संगणक बंद झाला.

पुढचे मी प्रत्यक्ष पाहिले नाही. परंतु वास्तुपूजनाचे चित्रण करण्याचे काम अनिमेषकडेच होते, आणि ते त्याने माझ्याच संगणकावर उतरवले. स्वतःची फजिती त्याने स्वतःच चित्रित केली होती. मी ती पुन्हा पुन्हा पाहिली आहे. माझ्यासारखीला करमणूक थोडी असते.

फोटो यवतमाळहून बसने आला तो पुठ्ठ्यात आणि खाकी कागदात बांधलेला. तसाच तो घरी गेला. कपिलने फोटो उपडा ठेवून कागद सोडला आणि, पुढची बाजू न पाहता, वरून भरजरी कापड टाकूनच, घाईत, तो भिंतीला टांगला. होम झाला. पाहुणे बैठकीत जमले. पुंडलिकराव कपिलच्या भावी सासऱ्यांना म्हणाले, "व्याही, तुमच्या हातानं होऊ द्या." व्याह्यांनी कापड ओढले.

मधोमध पुंडलिकराव, फेट्यात. मागे कपिल. उजवीकडे अर्पिताच्या जागी कोरी भिंत, मागमूसही नाही. डावीकडे रिकामी खुर्ची. त्या खुर्चीच्या वर, हवेत, कुंकू लावलेला इंदूबाईंचा चेहरा. त्याखाली हवेत लोंबणारे मंगळसूत्र. मांडी असावयास हवी होती तिथे एकावर एक ठेवलेले दोन हात, बांगड्यांसह. आणि या सगळ्याभोवती साडीचा नुसता जरीचा काठ, सुटलेल्या दोरीसारखा वळवळत गेलेला.

कॅमेऱ्याच्या अगदी जवळ अनिमेषचा आवाज येतो: "अबे बाप रे."

मग एक शेजारीण म्हणाली, "अवो इंदूबाई, तुमचं धड कुठी गेलं?" तोंडावर पदर घेऊन कोणीतरी फिसकन हसले. व्याही कापड हातात तसेच धरून मागे सरकले आणि अतिशय सभ्यपणे म्हणाले, "हे काही नव्या पद्धतीचं हाय काय?"

"उतरव थे! कपिल, उतरव आधी!" पुंडलिकराव गरजले.

इंदूबाई आतून आल्या. हात पिठाने भरलेले होते. त्या फोटोसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी तो सावकाश, वरपासून खालपर्यंत पाहिला. कपिल स्टूल घेऊन पुढे झाला, तेव्हा त्या म्हणाल्या, "राहू दे रे. कोनी हात नोको लावू त्याले."

"लोक हासून राह्यले ना वं!"

"हासू द्या. पोरगी काढली तवा कोनाले काही उनं दिसलं नाही. माहं धड गेलं तं साऱ्याले दिसलं." मग त्या व्याह्यांकडे वळल्या आणि त्यांनी पिठाच्या बोटाने कोऱ्या भिंतीकडे दाखवले. "हे रिकामी जागा हाय ना भाऊ, तिथी माही पोरगी उभी होती. अर्पिता नाव हाय तिचं. अमरावतीले दवाखान्यात नर्स हाय. जावई बी तिथंच हाय."

ज्या नावावर पुंडलिकरावांनी बंदी घातली होती, ते त्यांच्याच नवीन बैठकीत, त्यांच्याच पाहुण्यांसमोर उच्चारले गेले. ज्या प्रश्नाला भिऊन त्यांनी मुलगी पुसली होती, तो प्रश्न न विचारताच त्याचे उत्तर मिळाले. आणि व्याही काय म्हणाले? "बरं हाय की मंग. आमच्या सुनीतीले एक नणंद झाली." एवढेच. सुनीती म्हणजे कपिलची होणारी पत्नी. पुंडलिकरावांचा चेहरा त्या वेळी चित्रणात स्पष्ट आला आहे. तो मी अतिशय आवडीने पाहते.

दुसऱ्या दिवशी पुंडलिकराव आणि कपिल तो फोटो गोधडीत गुंडाळून स्टुडिओत घेऊन आले. मागोमाग इंदूबाई.

"मूळ फोटो काढ," पुंडलिकराव म्हणाले. "अन् हिले पहिल्यावानी कर."

अनिमेष शोधू लागला. शोधण्यासारखे काही नव्हते. नवीन फोटो जुन्याच्या नावाने, जुन्याच्याच जागेवर साठवला गेला होता. कॅमेऱ्यातील कार्डावर त्यानंतर दोन लग्ने चढली होती. तरी त्याने ते काढून पुन्हा घातले.

"काका, टूलनं..."

"टूलचं नाव नोको घेऊ," अनंतराव खुर्चीवरून कडाडले. त्यांचा एवढा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. "चौकट पाह्यली होती काय? अख्खा फोटो पाह्यला होता काय? तवा मले काय म्हनला तू?"

अनिमेषने मान खाली घातली. त्या दुकानात माझ्या बाजूने बोललेले एवढेच वाक्य. ते ऐकून मी त्याला क्षमा करावी, असे कोणास वाटेल. मी केली नाही.

"मंग दुसरा फोटो काढू," पुंडलिकराव म्हणाले. "साडी नेसून ये म्हना हिले."

"मी नाही बसत," इंदूबाई म्हणाल्या. "पोरीशिवाय मी कोन्या फोटोत बसत नाही आता. भितीवर जशी हावो तशी राहीन."

"असं धडाबिगर?"

"असंच. येनाऱ्याजानाऱ्याले मी सांगत जाईन, काहून अशी हावो थे."

पुंडलिकरावांनी गोधडी फोटोवर परत ओढली. इंदूबाई ते खरोखर सांगतील, हे त्यांनी आदल्या दिवशी पाहिलेच होते.

तेव्हा अनिमेष चाचरत म्हणाला, "एका ठिकानी असन तो फोटो. साक्षगंधाच्या दिवशी अर्पितानं मांगितला होता. तिच्या मोबाईलवर पाठवला होता म्या. माह्या मोबाईलमंधून तं कवाचाच पुसल्या गेला."

पुंडलिकरावांनी कपिलकडे पाहिले, मग अनिमेषकडे.

"माग मंग," पुंडलिकराव म्हणाले. "तू माग."

अनिमेषने मोबाईल काढला. इंदूबाईंनी तो त्याच्या हातातून घेतला आणि काउंटरवर उपडा ठेवला. "तू नाही. काढाले यायनं सांगतलं होतं, मागतीन बी हेच."

"माह्याजवळ नंबर नाही तिचा."

"मले तोंडपाठ हाय."

त्या एक एक आकडा सांगत गेल्या. पुंडलिकराव एक एक आकडा दाबत गेले. मोबाईल कानाला न लावता हातावर धरून बोलण्याची त्यांची पद्धत असल्यामुळे पलीकडचा शब्द सगळ्यांना ऐकू आला.

"हॅलो, कोन?"

"मी बोलून राह्यलो."

"मी कोन?"

पुंडलिकरावांनी आमच्या सर्वांकडे पाहिले. मदतीस कोणी पुढे झाले नाही. "तुहा बाप," ते म्हणाले.

पलीकडे दवाखान्याचा गलबला ऐकू येत राहिला. मग अर्पिताचा आवाज बदलला. "आई बरी हाय ना?"

"बरी हाय. फोटोत नाही राह्यली."

"काय म्हन्ता, बाबा?"

"साक्षगंधाचा फोटो खराब झाला. तुह्याजवळ हाय म्हन्ते हा अनिमेष."

"हाय."

"पाठव मंग."

"पाठवते. पन थ्याच्यात मी बी हावो, बाबा. चालन?"

मी याच क्षणाची वाट पाहत होते. ज्या बोटाने त्यांनी तिचा चेहरा दाखवला होता, ते बोट मोबाईलच्या कडेवरून नुसतेच फिरत होते.

"पाठव म्हनलं ना."

"चालन का नाही थे सांगा."

"चालते," पुंडलिकराव म्हणाले. "चालते, चालते. पाठव."

फोटो आला. मोबाईलवरून आल्यामुळे तो लहान आणि जरा धूसर होता. अनिमेष सवयीने माझ्याकडे हात नेऊ लागला, तेव्हा इंदूबाई म्हणाल्या, "काहीच करू नोको त्याले. जसा हाय तसा छाप." आणि तसाच तो छापला गेला.

माझी कहाणी इथे संपते. एखाद्याने मला विचारले, की या सगळ्यात इंदूबाईंची विटंबना झाली, तिचे काय? तर मी सांगेन, की इंदूबाईंनी माझ्याविषयी एकही वाईट शब्द काढलेला नाही. वाचकांना माझी विनंती एवढीच आहे. ज्यांना आपल्या कुटुंबाच्या फोटोतून कोणाला काढून टाकावयाचे असेल, त्यांनी नेरला जरूर यावे. मी इथेच आहे, आणि मला सांगाल ते मी तंतोतंत करीन.

त्यानंतर जे बदलले ते असे. अनिमेष आता मूळ फोटोस हात लावत नाही. प्रत काढून तिच्यावर काम करतो, आणि मला म्हातारी म्हणत नाही. पुंडलिकरावांच्या बैठकीत चौघांचा, जरासा धूसर फोटो आहे. अर्पिता आणि जीवन पोळ्याला येऊन गेले. पुंडलिकराव दिवसभर शेतावर थांबले, परंतु सायंकाळी जावयाबरोबर जेवायला बसले. बिघडलेला फोटो इंदूबाईंनी टाकू दिला नाही. तो स्वयंपाकघरात आहे, पुंडलिकराव जेवायला बसतात त्या जागेच्या अगदी समोरच्या भिंतीवर.